गुडघ्याएवढं पाणी

वसंता,

स्टँडच्या कोपऱ्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमातला. त्यात तू शेजारी बसलेल्या प्रमुख पाहुण्यांकडं आदरानं बघत होतास. पाहुण्यांना कापून टाकल्यामुळं आता तू तेवढ्याच आदरानं रसवंतीकडं बघतोयस. खाली लिहिलंय, 'आतली भाषेचे शेवटचे जाणकार, भाषामहर्षी वसंतराव गुरुजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो आहेत. ते सगळे मात्र समोर बघताहेत.

शेवटचा नव्हतास तू. ती भाषा बोलणारं शेवटचं माणूस म्हणजे तुझी चुलत आजी. आपण दोघं चड्डीत शाळेला जात होतो तेव्हाच ती गेली. तुझी भाषा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली आणि ती बोलणारा तू पहिलाच होतास. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिसऱ्या कुणाला नव्हतं, आणि तेच आपल्या भांडणाचं मूळ.

हे छापलं जाणार आहे, म्हणून तुला ठाऊक असलेलंही थोडं सांगतो. परंड्याच्या किल्ल्यामागं तुमची गल्ली. तोफा ओढणारे बैल हाकायला तुमचे पूर्वज कुठून तरी आले आणि तोफा गंजल्या तरी इथंच राहिले. कुठून आले ते कुणाला सांगता येत नाही. त्यांच्या भाषेला नाव नव्हतं. ती बाहेरच्यांपुढं बोलायची नाही म्हणून तिला 'आतली' म्हणायचे. पण बाजारात दोघं भाऊ चुकून आतलीत बोलले की आसपासचे लोक पिशव्या आवळून धरायचे. गावात कुठं चोरी झाली की पहिली हाळी तुमच्या गल्लीत यायची. मग तुमच्या आज्यांनी ठरवलं की पोरांसमोर हे बोलणं बंद. सभा झाली नाही, ठराव झाला नाही. बायकांनी तोंडं मिटली आणि एका पिढीत भाषा संपली. इतकं शिस्तीत पार पडलेलं दुसरं कुठलंही काम मला या तालुक्यात आठवत नाही.

मागं उरलं ते चिंध्यांसारखं. भांड्यांची नावं, बैलाच्या अवयवांची नावं, शिव्या, आणि मयताच्या वेळी म्हणायची 'वाट'.

ती वाट नसती तर तू या फंदात पडलाच नसतास. तुमच्यात तिरडी उचलायच्या आधी बायका रडणं थांबवायच्या आणि गल्लीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस मेलेल्याच्या कानाशी वाकून वाट सांगायचं. उंबऱ्यातून नीघ, चिंच डावीकडं ठेव, किल्ल्याकडं पाठ कर, नदीपर्यंत जा. एवढं मोठ्यानं. नदीचा भाग मात्र कानात, कुजबुजत. आणि मग पुन्हा मोठ्यानं, पलीकडच्या घराचं दार, दारात आपलं नाव कसं सांगायचं ते. पलीकडच्यांना फक्त आतली कळते, म्हणून वाट आतलीतच. चुलत आजीनं शेवटपर्यंत सगळ्यांना वाट सांगितली आणि स्वतः मात्र न ऐकता गेली. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

तुझी आई गेली तेव्हा तू बेंबळीच्या शाळेवर होतास. आजारपणात ती तुला सारखं एकच विचारायची, "मला तिकडं कोण वळखंल रं?" तू रजा काढून तिच्या उशाशी बसलास आणि गुरुजी असूनही तुझ्याकडं उत्तर नव्हतं. तिरडी बांधून झाली, बायका सवयीनं गप्प झाल्या, आणि त्या शांततेत कुणीच काही बोललं नाही. मी तिथं होतो. शेवटी कुणीतरी खाकरलं आणि लोकांनी खांदा दिला.

तेराव्यानंतर तू वाचनालयात आलास. मी ग्रंथपाल, म्हणजे गावात कुणी विचारत नाही त्या गोष्टींची माहिती असणारा माणूस. मरून गेलेली भाषा परत उभी करता येते का, असं तू विचारलंस. मी म्हणालो की करता येते, पण उभी राहते ती तीच असते की नाही हे सांगायला साक्षीदार मिळत नाही. तुला वाटलं मी हो म्हणालो.

पुढची काही वर्षं वाचनालयाच्या ओट्यावर आपण जी भांडणं केली, त्यांच्याइतकं सुख मला कशानंच दिलेलं नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती. तू गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडून तुकडे गोळा करून आणायचास, मी त्यांवर शंका काढायचो. मी म्हणालो, तुमच्या आज्यांनी भाषा विचार करून संपवली. तू ती उकरतोयस, ती कुणाच्या परवानगीनं? तू म्हणालास, "पोट भरंना म्हणून बैल इकणाऱ्याला बैल नको व्हता, असं म्हणतोस का?" मी म्हणालो, फुटक्या रांजणाला मधोमध नवी माती लावून तो जुना म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे, निदान नवा भाग वेगळ्या रंगाचा ठेव. तू म्हणालास, "तू दाखवायचं बोलतोस. मला पाणी भरायचंय."

वाटेची सुरुवात आणि शेवट जुळला, कारण ते मोठ्यानं म्हटलं जायचं आणि गल्लीनं ते शंभरदा ऐकलेलं होतं. अडलं ते नदीपाशी. तो भाग सांगणाऱ्याशिवाय आणि मेलेल्याशिवाय कुणी ऐकलाच नव्हता. चुलत आजी तो बरोबर घेऊन गेली होती. मी म्हणालो, तिथं थांब. नदीपर्यंत जुनं सांग, मग गप्प राहा, मग पलीकडचं सांग. ती शांतता तेवढी खरी असेल.

तू म्हणालास, "माझ्या आईला मी काठावर ठेवू का?"

आठवडाभर तू आला नाहीस. आलास ते नदी घेऊन. पाण्यात उतर, पाणी गुडघ्याएवढंच आहे. पलीकडं कुणीतरी दिवा घेऊन उभं आहे. ते तुला लहानपणच्या नावानं हाक मारतील, ओ दे. माणसाच्या गुडघ्याला शब्द उरला नव्हता म्हणून तू बैलाच्या गुडघ्याचा वापरला होतास. दिव्यासाठी मडक्याचं नाव ताणलं होतंस. मी हे सगळं दाखवून दिलं आणि खूप हसलो. मग घरी जाताना सीना नदीच्या पुलावर विनाकारण थांबलो. ते चांगलं होतं, वसंता. तुझ्या हातून चांगलं लिहिलं गेलेलं तेवढंच. बाकी तुझ्या कविता मी वाचल्या आहेत.

पहिली वाट तू सांगितलीस ती कोंडाबाईच्या नवऱ्याला. आईला सांगायची वेळ टळून गेली होती. तू सगळंच मोठ्यानं सांगितलंस, नदीसुद्धा. मी नंतर हटकलं, तर म्हणालास की मेलेला ऐकतो की नाही कुणाला ठाऊक, रडणारे तर ऐकताहेत. त्यांना तू अर्थही मराठीत सांगितलास.  तेवढ्यात कोंडाबाई, तुझी लांबची काकू, पदर तोंडावरून काढून म्हणाली, "अशीच सांगायची माझी आजी. गुडघ्याएवढं पानी. अशीच."

तू माझ्याकडं बघितलंस. ती नजर मला अजून नीट लावता आलेली नाही. त्यात आनंद होता, पण वर्गात कॉपी पकडल्यावर पोरं बघतात तसंही काही होतं. परत येताना मी म्हणालो की म्हातारीची आठवण तुझ्या रचनेनंतर पाच मिनिटांनी जन्माला आली आहे. तू म्हणालास, "तिला आठवलं. आता तू कोण न्हाय म्हणणारा?" वर्षभरात आणखी काही म्हाताऱ्यांना तीच ओळ त्यांच्या आज्यांच्या तोंडून आठवली. त्यांतल्या दोघींच्या आज्या आतली बोलणाऱ्याच नव्हत्या. लग्न होऊन बाहेरून आलेल्या.

मग पुनरुज्जीवनवाले आले. संस्थेचं नाव लिहीत नाही, त्यांच्या लेटरहेडवर ते पुरेसं मोठं आहे. मंगल कार्यालयात सोहळा झाला. गल्लीतल्या पोरांना कवड्यांच्या माळा आणि मोरपिसं लावली होती. गल्लीनं मोरपीस फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. पोरांनी आतलीत स्वागतगीत म्हटलं, पाहुण्यांनी डोळे पुसले आणि तुझी तुलना गंगा आणणाऱ्या भगीरथाशी केली. नंतर स्टँडसमोर चहा पिताना मी गीताचा अर्थ विचारला. तू आधी टाळलंस. मग शाल मांडीवर घेऊन, इकडंतिकडं बघत सांगितलंस की भाषेत स्वागत नाही, पाहुणा नाही, आनंद नाही, तेव्हा जे होतं त्यात भागवलं. शब्दशः अर्थ 'थोरल्या खोंडा, आमच्या घागरीत ये' असा होतो. आपण इतके हसलो की हॉटेलवाल्यानं पाणी आणून दिलं. आपलं शेवटचं मोठं हसणं तेच.

कारण पुढच्याच महिन्यात ती विद्यापीठातली मुलगी आली. हुशार होती, नम्र होती, रेकॉर्डर पुढं ठेवून तिनं सरळ विचारलं की वाटेतला कुठला भाग नव्यानं घातलेला आहे का. प्रश्न इतका नेमका होता की मला वाटलं, सुटलो. तू म्हणालास, परंपरेनं आलेलं आहे. मी खुर्चीत बसून होतो. ती गेल्यावर मी तुला बोललो ते बोलायला नको होतं असं मी म्हणणार नाही. बोलायलाच हवं होतं. एकदा तरी कुणाला तरी सांग, एवढंच माझं म्हणणं होतं.

"कुणाला सांगू?" तू म्हणालास. "कोंडाबाईला? तिच्या मालकाला मी नदीत उतरवलंय. आता जाऊन म्हणू, बाई, पाण्याचा अंदाज माझा व्हता?"

  मी म्हणालो, मग तुझ्यामागं हे कोण सांगणार?

"तू हायेस की."

त्यानंतर आपण भेटत राहिलो. पण या विषयावर तू बोलेनास आणि मी विचारेनासा झालो. ओट्यावर बसून आपण पेपरातल्या बातम्यांना नावं ठेवायचो. दोन म्हातारे करतात ते.

तुझा प्राण सकाळी आंघोळ झाल्यावर अंगणात गेला. सुलोचनावहिनींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, तू काहीतरी विसरलायस म्हणून करताहेत. येऊन बघतो तर गल्ली भरलेली. तिरडी बांधून झाली आणि बायका गप्प झाल्या. तुझ्या आईच्या वेळची तीच शांतता, वसंता. पोरांना स्वागतगीत येत होतं. तेवढं कुणी म्हटलं नाही, याबद्दल मी पोरांचा आभारी आहे.

मग तुझ्या पुतण्यानं मोबाईल काढला. त्यात तू वाट सांगतानाचं रेकॉर्डिंग होतं. त्यानं तो तुझ्या कानाशी धरला आणि तुझा आवाज अंगणात आला, उंबऱ्यातून नीघ म्हणून. तू पडलेला, आणि तूच सांगतोयस. कुणाला काय करावं कळेना. वहिनी पुढं आल्या, त्यांनी मोबाईल बाजूला केला आणि पुतण्याला म्हणाल्या, "सोताची वाट सोताला सांगतंय का रं कुणी?"

मग माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, तुमाला येती. तुमी सांगा."

मी म्हणालो, मी बाहेरचा आहे.

"आतलं कोण उरलंय?"

मी वाकलो. उंबरा, चिंच, किल्ला, सगळं मोठ्यानं सांगितलं. बैलांवरून मी ज्या भाषेला आयुष्यभर हसलो ती माझ्या तोंडात चांगली बसली होती, याचं मलाच नवल वाटलं. नदीपाशी येऊन थांबलो. मी तुला सांगितलं होतं ना, इथं गप्प राहावं. दुसऱ्या कुणाला फसवलं तरी चाललं असतं. पण तूच केलेली समजूत तुलाच कशी घालायची? मी गप्प राहिलो. चांगला वेळ राहिलो. पायाशी उभ्या असलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "नदी ऱ्हायली, भाऊजी."

मी ती सांगितली. जुन्या रीतीनं, कानात, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. ज्यांना ज्यांना तू ती सांगितलीस त्यांतल्या एकालाही आतली येत नव्हती. कळणारा तूच पहिला. आणि पाणी किती आहे ते कुणाला ठाऊक नाही, हेही तुलाच माहीत होतं.

तेराव्याला मंगल कार्यालयात शोकसभा झाली. संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की नदीच्या घाटावर शिळा बसवणार, तिच्यावर वाटेतला नदीचा भाग कोरणार, 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी मान हलवली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी घरून दुसरं काही ठरवून गेलो होतो, पण तुझं 'तू हायेस की' माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं की हा तुझा मान आहे. एक माणूस आईसाठी एवढं करतो, हे लोकांना कळायला हवं. मी सांगितलं. नदीचा भाग वसंतानं रचला. जुना भाग फक्त मेलेल्याच्या कानात सांगत, म्हणून तो कुणाला ठाऊक असणं शक्य नाही. हे जुनं नाही, पण हे चांगलं आहे, आणि ते त्याचं आहे.

 मी कोंडाबाईकडं बघायचं टाळत होतो. तिच्या नवऱ्याच्या पायाखालचं पाणी मी काढून घेतलं होतं.

ती भिंतीला धरून उठली. चिडली नव्हती. म्हणाली, "भाऊ, तुमी बाहेरचे. तुमाला म्हाईत नसंल. म्या सा वर्साची आसताना तापानं गेले व्हते. आमच्या बापानं तिरडी बांधली. आजीनं माझ्या कानात नदी सांगितली, आन म्या पान्यातनं म्हागारी आले." मग हातानं गुडघा दाखवून, "गुडघ्याएवढंच व्हतं. माझ्याच कानानं आयकलंय म्या."

 मेलेल्याशिवाय कुणी ऐकलं नाही हा माझा एकुलता पुरावा, आणि समोर मरून आलेली साक्षीदार. बायका रडायला लागल्या. अध्यक्षांनी माइक ओढून घेऊन सांगितलं की शिळेवर कोंडाबाईंची ही आठवणही कोरली जाईल. मी खाली बसलो.

बाहेर चपला शोधताना वहिनी शेजारी आल्या. हळूच विचारलं, "ते खरंच ह्यांनी केलं व्हतं?" मी हो म्हणालो.  "मला तर ते आजीचं म्हनून सांगायचे," म्हणाल्या. "रोज राती झोपताना म्हनायचे. मला खोटं कशाला सांगतील, भाऊजी?"

म्हणजे खरं तू फक्त मला सांगितलं होतंस. घरात नाही, गल्लीत नाही. जी भाषा बाहेर काढायची नाही म्हणून मारली गेली, तिच्यातलं एकमेव गुपित तू बाहेरच्या माणसापाशी ठेवलंस. याचं मला किती वाटतं ते लिहिता येत नाही, आणि त्याचा काहीही उपयोग नाही.

शिळेचा मजकूर तपासायला माझ्याकडं आला. ग्रंथपाल म्हणून शुद्धलेखन बघायचं. खाली तुझं नाव आहे, 'संकलन' म्हणून. मी ते खोडून 'रचना' लिहिलं. अध्यक्षांनी ते पुन्हा खोडलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणूस काहीबाही बोलतो, असा तो हात होता. पाथरवटानं काम सुरू केलंय.